शेंदराखालचं सीताफळ

पितळी बटणांचा नाद मला एका बैलामुळे लागला. महाळुंगे पडवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवीनच नोकरीला लागलो होतो. पोळा जवळ आला होता. एका शेतकऱ्याच्या बैलाचा पाय बघायला गेलो, तर अंगणात झूल उन्हाला टाकलेली. तिच्या काठाला कवड्या आणि कवड्यांच्या मधे पितळी बटणं टाचलेली. एक बटण अंगठ्यानं पुसलं, तर त्यावर मुकुट आणि मुकुटाखाली रणशिंग उमटलं.

"आज्याच्या कोटाची हायेत," शेतकरी म्हणाला. "आजा इंग्रजांच्या पलटणीत व्हता. कोट उंदरांनी खाल्ला, बटणं ऱ्हायली."

माझं बघणं पाहून त्यानं विळ्यानं एक बटण उसवलं आणि माझ्या हातावर ठेवलं. ते खिशात टाकून घरी आलो आणि रात्रभर ते बटण कुठल्या माणसाच्या छातीवर, कुठल्या मुलखात होतं याचाच विचार करत राहिलो.

त्यानंतर माझी नजरच बदलली. मंचरला कांद्याच्या वखारींमागे एक भंगारवाला होता. तो मोडीचं पितळ पोत्यात भरून ठेवायचा. नळाच्या तोट्या, फुटक्या समया, स्टोव्हच्या टाक्या यांच्यातून मी टोपीवरचे बिल्ले, पट्ट्यांची बक्कलं, खांद्यावर लावायची पितळी अक्षरं वेचून काढू लागलो. पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून दोन-चार चित्रांची पुस्तकं आणली. मुकुटाचा घाट बघून राजाच्या वेळचा बिल्ला कुठला आणि राणीच्या वेळचा कुठला, ते ओळखायला शिकलो. चिंचेनं घासून चकाचक केलेला बिल्ला वाया जातो, हेही कळलं. त्याच्यावर साचलेला काळपटपणाच त्याचं वय सांगतो. बायको म्हणायची, "लोक देव उजळतात, तुम्ही मळ जपता." पण कपाटाचा एक कप्पा तिनं मला रिकामा करून दिला होता.

पुढे माझी बदली जुन्नरला झाली आणि पश्चिमेचा डोंगराळ पट्टा माझ्याकडे आला. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला बर्फाचा डबा मोटारसायकलला बांधून मी घाटघरच्या वाटेनं वाड्या-वस्त्या फिरायचो. मी काही खरा डॉक्टर नव्हे, पण तिकडे सगळे मला डॉक्टरच म्हणत. गोठ्यात शिरणाऱ्या माणसाला घराचं दार आपोआप उघडं होतं. लस टोचून झाली की चहा, आणि चहाबरोबर मी हळूच विचारायचो, घरात कुणी पलटणीत होतं का.

घाटघरच्या अलीकडे हिरड्याच्या झाडांत एक वस्ती आहे. तिथल्या एका घरात सत्तरी ओलांडलेली एक म्हातारी होती. तिचा सासरा पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आला होता. त्याची पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर होती. पहिल्या भेटीत म्हातारीनं मला त्यातला एक बिल्ला दाखवला. शिंग, त्याच्या दोऱ्या, वर मुकुट, आणि मागच्या दोन्ही कड्या शाबूत. इतका अस्सल बिल्ला मी तोवर हातात धरला नव्हता. दुसऱ्या भेटीत मी तो मागितला.

"आमाला इकायचा न्हाई," तिचा मुलगा म्हणाला. पंचेचाळिशीचा, अंगानं काटक, बोलायला तोडून. "आन् फुकट द्यायचाबी न्हाई. आज्याची खूण हाय ती."

मी बरं म्हणून निघालो. पण मनातून बिल्ला गेला नाही. त्या भागात दुसऱ्या कामाला गेलो तरी गाडी त्या वस्तीकडेच वळायची. गायीला ताप आहे का बघतो, वासराला जंताचं औषध देतो, असं काहीतरी निमित्त काढायचो. मुलाला ते कळत होतं. म्हातारीलाही कळत असावं, पण ती मला चहा द्यायची थांबली नाही.

नवरात्र तोंडावर आलं असताना मी पुन्हा गेलो. दुपारची वेळ होती. मुलगा खाचरात भाताला पाणी द्यायला गेला होता. म्हातारी त्या दिवशी खुशीत होती. म्हणाली, "डॉक्टर, तुमाला लई आवड हाय तर सगळंच बघा. खंडेनवमीला आमी त्याची पूजा घालतो."

तिनं सुनेकरवी ट्रंक खाली काढवली. नागाच्या आकाराचा आकडा असलेला चामडी पट्टा, चामडं वाळून लाकडासारखं झालेलं. खांद्यावरची अक्षरं. पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या, कसर लागलेल्या. एक म्यानातली संगीन. मी गुडघ्यावर बसून एकेक वस्तू हातात घेत होतो आणि जपून परत ठेवत होतो.

"आता देव बघा," म्हातारी म्हणाली.

भिंतीतल्या देवळीत टाक होते, खंडोबाची तसबीर होती आणि त्यांच्या शेजारी तांब्याच्या ताम्हणात शेंदराचा एक गोळा होता. मुठीत मावेल एवढा, उभट. "सासऱ्यानं बसऱ्यावरनं आणला," ती सांगू लागली. "आमी त्याला सीताफळ म्हनतो. लढाईत ह्यानंच राखलं असं ते म्हनायचे. घरात आला तवापासनं दर अवसेला शेंदूर चढतोय. औंदा कवच तडकलं, म्हनून सून जुनं खरवडून काढतीय. नव्यानं चढवायचं."

ताम्हणाजवळ विळा पडलेला होता आणि शेंदराच्या खपल्यांचा ढीग. गोळ्याची एक बाजू सुनेनं उघडी केली होती. खाली काळं ओतीव लोखंड होतं. त्यावर आडव्या-उभ्या खाचा, सीताफळाच्या डोळ्यांसारख्या. आणि कडेनं खाली आलेली एक लोखंडी दांडी.

माझ्या पुस्तकांपैकी एकात शिपायाच्या अंगावर काय काय असायचं त्याची चित्रं होती. पट्टा, पाण्याची बाटली, काडतुसांच्या पिशव्या. त्याच पानावर खालच्या कोपऱ्यात हे होतं. हातबॉम्ब. खीळ काढायची, फेकायचा, हातातून सुटला की बाजूची दांडी उडते, आतला खटका पडतो.

मी पुढे वाकून पाहिलं. खिळीच्या जागी गंजाचा भुगा होता. दांडी जागेवर होती ती फक्त साचलेल्या शेंदरामुळे. आणि तो शेंदूर सून विळ्यानं खरवडत होती.

"वहिनी," मी सुनेला म्हणालो, "विळा खाली ठेवा. त्याला परत हात लावू नका. मुलं कुठायत?"

"साळंत. का?"

"आजी, तुम्ही पण बाहेर चला. हा बॉम्ब आहे."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. ती घाबरली नाही. तिच्या चेहऱ्यावरची खुशी मात्र गेली.

"आमच्या घरात ह्यो साठ-सत्तर वर्सं हाय," ती म्हणाली. "माझी बाळंतपणं ह्याच्यासमोर झाली. आन् आज तुमी मला सांगता?"

"आत दारू असेल, नसेल. मला माहीत नाही. रिकामे सुद्धा असतात. पण उचलल्याशिवाय कळणार नाही, आणि उचलायचा नाही."

"मंग काय करायचं?"

"पोलिसांना कळवायचं. ते माणसं बोलावतील, ती घेऊन जातील."

'घेऊन जातील' हा शब्द तोंडातून निघाला आणि माझ्याच लक्षात आलं की तिनं तो कसा ऐकला असेल. बिल्ल्यासाठी चार-चार खेटे घालणारा माणूस. आधी बिल्ला, आता देव. जुन्या वस्तू मिळवायला लोक काय काय थापा मारतात ते तिनंही ऐकलं असणार. ती देवळीसमोर जाऊन मांडी घालून बसली.

"मी न्हाई उठत," ती म्हणाली.

सून माझ्याकडे आणि सासूकडे आळीपाळीनं बघत राहिली. मी तिला म्हणालो, "मालकांना बोलवा. पळत जा."

ती गेली. घरात मी आणि म्हातारी. मला बाहेर जाता येईना. मी गेलो आणि तिनं रागानं ताम्हण उचललं तर? मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. एक कोंबडी आत आली आणि देवळीखाली पडलेले तांदळाचे दाणे टिपू लागली. तिनं वर उडी मारू नये म्हणून मी तिला हळूच हाकललं. म्हातारी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

मुलगा आला तो पायाला चिखल तसाच घेऊन. सुनेनं वाटेत सगळं सांगितलं असणार.

"डॉक्टर," तो शांतपणे म्हणाला, "मागल्या बारीला बिल्ला मागितला. आता देवावर डोळा हाय व्हय?"

"मला काहीच नको. बिल्लाही नको. आधी तुमच्या आईला बाहेर काढा."

"आमी ह्याला आंघोळ घालतो, पाटावर ठेवतो. पोरगी पाळण्यात व्हती तवा तिच्या उशाला ठेवला व्हता. काय झालं न्हाई."

"तेव्हा त्यावर शेंदूर होता. आता तो काढलाय. दांडी सुटली तर—"

"थांबा, दावतो तुमाला," तो म्हणाला.

मी नको म्हणेपर्यंत त्यानं देवळीत हात घालून तो गोळा उचलला होता. उजव्या मुठीत धरून त्यानं तो माझ्यासमोर आणला. उरलेल्या शेंदराचा एक मोठा तुकडा सुटून जमिनीवर पडला आणि फुटला.

त्याच क्षणी त्याचा चेहरा बदलला. ओठ अर्धवट उघडे राहिले. तो माझ्याकडे न बघता आपल्या मुठीकडे बघायला लागला.

"हालतंय," तो म्हणाला. "आतनं रेटा देतंय."

गावाकडे फिरताना बिथरलेल्या बैलासमोर मी कितीदा उभा राहिलो होतो. तिथे एक गोष्ट शिकलो होतो. आवाज वाढवायचा नाही, हात झटकायचे नाहीत. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी त्याच्याशी तसंच बोलायला लागलो.

"बरोबर धरलंय. तसंच धरा. दांडी तळव्याखाली आहे ना? ती दाबूनच ठेवा. मूठ सैल करू नका."

"टाकू का भाईर?"

"नाही. टाकायचा नाही. सोडायचा नाही. मी आहे इथंच."

म्हातारी आता उठली होती. मुलाच्या तोंडाकडे बघून तिला जे कळायचं ते कळलं. सुनेनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. अंगणातून मला सुनेचा आवाज आला, ती शेजारच्या घरांना लांब व्हायला सांगत होती.

माझी औषधांची पेटी ओट्यावर होती. मी ती आणायला वळलो तर तो म्हणाला, "डॉक्टर, जाऊ नका."

"पेटी घेतो. दिसतोय मी तुम्हाला. बघा माझ्याकडे."

पेटीत जनावरांच्या मोडल्या पायाला बांधायची रुंद पट्टी होती आणि चिकटपट्टीचं रीळ. मी त्याच्यासमोर बसलो. त्यालाही हळूहळू खाली बसवलं, कोपर मांडीवर टेकवायला लावलं. शेंदूर आणि घाम मिसळून बोटांवरून तांबडं पाणी ओघळत होतं. बोटं घसरायची भीती त्यालाही वाटत असणार, कारण तो पकड आणखी घट्ट करत होता.

"तुमची करंगळी थोडी वर घ्या. बाकी बोटं तशीच," मी म्हणालो.

करंगळी सुटली तिथून मी पट्टीचा पहिला वेढा घातला. दांडीवरून, खाचांवरून, फिरून परत दांडीवर. ताण धरून दुसरा. मग अनामिका. वासराच्या पायाला पट्टी बांधताना मी नेहमी सैल हातानं बांधायचो, रक्त अडू नये म्हणून. त्या दिवशी जेवढा जोर होता तेवढा लावला. मधलं बोट. एकदा पट्टी शेंदरावरून घसरली. मी ती परत वर घेतली. त्याचा अंगठा शेवटी सुटला. तोवर तो गोळा गाठोड्यासारखा झाला होता. त्यावर मी चिकटपट्टी संपेपर्यंत गुंडाळली आणि मगच म्हणालो, "आता माझ्या हातात द्या."

"न्हाई. मीच ठेवतो. कुठं ठेवू?"

परसात वाळूचा ढीग होता, न्हाणी बांधायला आणलेला. तो ते दोन्ही हातांत घेऊन चालत गेला, एकेक पाऊल बघून टाकत. मी त्याच्या शेजारून चालत होतो. माझा काही उपयोग नव्हता, पण लांब राहणं जमलं नाही. वाळूत खळगा करून त्यानं ते ठेवलं. मग आम्ही दोघंही तिथून आधी चालत आणि मग पळत निघालो. बांधापलीकडे पोचल्यावर तो खाली बसला आणि उजवा तळवा गवताला पुसत राहिला.

पोलीस पाटलानं जुन्नरला फोन लावला. संध्याकाळपर्यंत दोन शिपाई आले, दुसऱ्या दिवशी पुण्याहून बॉम्ब निकामी करणारी माणसं. वस्ती शाळेत हलवली होती. त्यांच्यातल्या एकानं ते गाठोडं नुसतं बघितलं आणि विचारलं, "पट्टी कुणी बांधली?" मी हात वर केला. त्यानं नुसती मान हलवली. ती शाबासकी होती की माझ्या वेडेपणाची कीव होती, मला आजही सांगता येणार नाही.

पडीक राहिलेल्या एका वरच्या खाचरात खड्डा घेऊन, भोवती वाळूची पोती रचून त्यांनी तो उडवला. आवाज जीवधन किल्ल्याच्या कड्यावर आदळून परत आला. शाळेच्या आवारात बांधलेली दोन वासरं दावी तोडून पळाली. म्हातारीनं पदर तोंडाला लावला होता. पुण्याच्या माणसांचा प्रमुख आम्हाला येऊन म्हणाला, "आत माल होता. चांगला सुका होता."

मुलगा आपल्या उजव्या हाताच्या तळव्याकडे बघत होता.

माझ्या दृष्टीनं तिथे सगळं संपायला हवं होतं, पण नाही संपलं. पोलिसांनी संगिनीसकट ती अख्खी ट्रंक जप्त केली. मुलाला चौकशीला बोलावलं, मलाही. साहेबाचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही हे मिलिटरीचं सामान गोळा कशाला करता?" आवड आहे म्हणालो. आवड हा शब्द त्या खोलीत फार पोकळ वाटला.

मग माझ्या घराची झडती झाली. कपाटातला तो कप्पा पलंगावर ओतला गेला. बटणं, बिल्ले, बक्कलं, एका हेल्मेटचं टोक. शिपाई एकेक वस्तू उलटून बघत होते, हलवून आत काही वाजतंय का ऐकत होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, शेजारीपाजारी जिन्यात. शेवटी बायकोच म्हणाली, "चहा टाकू का?" त्यातला वयस्कर शिपाई ओशाळून हसला आणि मग हवा जरा हलकी झाली. त्यांना काही सापडलं नाही. पण ते गेल्यावर बायको पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "यातलं एखादं तसलं असतं तर? मी रोज इथं झोपते." मी तिला सांगत राहिलो की बटणं फुटत नाहीत. तिनं ते ऐकून घेतलं, पण कपाट बाहेरच्या खोलीत हलवलं.

त्या कुटुंबाची ट्रंक सुटायला पुढचा पावसाळा उजाडला. मी त्यासाठी पोलीस ठाण्यात पुष्कळ खेपा घातल्या. मुलगाही यायचा. आम्ही बाकावर शेजारी बसायचो, भाताच्या पिकाबद्दल, गाय व्यायल्याबद्दल बोलायचो. आम्हा दोघांत त्या दुपारचा विषय कधी निघाला नाही. एकदा फक्त तो म्हणाला, "अजून भाकरी मोडताना हात सटकतोय, राव." शेवटी संगीन सोडून बाकी सगळं मिळालं. ट्रंक एसटीच्या टपावर चढवताना त्यानं झाकण उघडून आत पाहिलं, बिल्ला आहे याची खात्री केली आणि झाकण लावलं. मीही पाहिला. तो मला आवडला नाही असं नाही. पण मागावंसं वाटलं नाही.

लस टोचायला त्या वस्तीवर जायचं मी लांबवत होतो. पण काम होतं, शेवटी गेलो. सून गोठ्यात शेण काढत होती. मला बघून तिनं पाटी खाली ठेवली.

"मला तवाच खरं वाटलं व्हतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "विळा लागला का आतनं वेगळाच आवाज यायचा. पर देवाला बॉम्ब म्हनायचं कुणाला?"

म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं मला बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. मी पायरीवर बसलो. चहा आला. देवळीत त्या जागी काहीच ठेवलेलं नव्हतं. शेंदराचा गोल डाग तेवढा होता.

चहा संपत आला तशी ती म्हणाली, "डॉक्टर, एक इचारू? तुमी त्याला पट्टी बांधत व्हता तवा तुमचा हात लागला ना त्याला?"

"लागला."

"गरम व्हता का? देव कोपला का तापतो म्हनत्यात."

मी आठवून पाहिलं. मुलाच्या बोटांचा घाम आठवला, शेंदराचा तेलकट वास आठवला.

"नाही आजी. गार होता. दगडासारखा."

तिनं मान हलवली. काय समाधान झालं ते तिचं तिला ठाऊक. मग म्हणाली, "गोठ्यातली तांबडी गाय सुई टोचू देत न्हाई. तिला मी धरते, चला."